पर्समधलं रिव्हॉल्व्हर

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये खास बायकांसाठी रिव्हॉल्व्हर काढलं. नाव ‘निर्भीक’. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा, पर्समध्ये मावेल असं. किंमत मात्र तेव्हाच १ लाख २२ हजारांच्या पुढे!

आमच्या फैजपुरात बचतगटाच्या बैठकीत एकीने विचारलं, ‘‘ताई, आपल्याला मिळेल का हो असं?’’ मिळेल की. वय २१ पूर्ण हवं, पोलीस चौकशी करतात, परवाना जळगावहून काढावा लागतो. पण केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईने एवढे पैसे आणायचे कुठून?

आणि समजा आणले. रोखायचं कुणावर? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात, बलात्काराच्या दहातल्या नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा. त्याच्यासमोर हात पर्सकडे जाईल? तोंडातून शब्दसुद्धा फुटत नाही. शिवाय हत्यार राहणार घरातल्याच कपाटात, आणि दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यालाही कपाटाची किल्ली ठाऊक असते.

मैत्रिणींनो, स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे. जिवावर बेतलं तर हाती येईल ते उचला. ११२ नंबर मुलींना पाठ करून द्या. पण त्याआधी एक करा. ‘‘ते काका मला नाही आवडत,’’ असं लेक म्हणाली, तर ‘गप्प बस’ म्हणू नका. तिला जवळ बसवून सगळं ऐका, आणि त्या माणसाला घराचा उंबरठा त्याच दिवशी बंद करा.