खानदेश बंदुकीने जिंकला नाही

‘भिल्लांकडे तीरकमठे, इंग्रजांकडे बंदुका, निकाल ठरलेलाच होता.’ खानदेशाच्या इतिहासावर लिहिले की कोणीतरी हे ऐकवतेच. हे विधान चुकीचे आहे, आणि निरुपद्रवीही नाही.

आधी बंदूक पाहू. १८१८ साली कंपनीच्या शिपायाच्या हाती चकमकीची मस्केट होती: आतून गुळगुळीत नळी, तिचे तोंड पाऊण इंचाचे, वजन साडेचार किलोच्या आसपास. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर नेम लागणे हा नशिबाचा भाग. हे सपाट मैदानावर रांगेने उभ्या पलटणीचे हत्यार. सातपुड्याच्या घळीत रांग कुठे लावणार? देशी तोड्याची बंदूक भरायला वेळ लागे, मात्र लांब नळीमुळे तिचा पल्ला अनेकदा अधिक असे.

मालेगावच पाहा; ते तेव्हा खानदेशातच मोडे. तिथल्या किल्ल्यातील अरबांनी मे-जून १८१८ मध्ये जवळजवळ महिनाभर कंपनीच्या फौजेला रोखून धरले. कोंडी फुटली ती तोफगोळ्याने किल्ल्यातील दारूकोठार उडाले तेव्हा. मस्केटचे श्रेय त्यात फारसे नाही.

आणि भिल्ल? पेशवाई बुडाल्यावरही सात वर्षे कंपनीच्या तुकड्या डोंगरांत त्यांचा पाठलाग करीत राहिल्या. शिपाई तापाने आडवे पडले, भिल्ल काही आवरले नाहीत. १८२५ मध्ये एल्फिन्स्टनने डाव बदलला. माफी, बिनसाऱ्याची जमीन, नांगर-बैलांसाठी तगाई; आणि जेम्स औट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. बंदुकीने भिल्ल हरले असते, तर सरकारी बंदूक त्यांच्याच खांद्यावर देण्याची गरज का पडली?

तीरकमठ्याचे चित्र सोयीचे आहे, कारण त्यातल्या भिल्लाला राजकारण नसते. असते ती केवळ निरागसता आणि पराभव. प्रत्यक्षात त्याने सौदे केले, मोडले, पगार घेतला आणि उलटही फिरला. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाच्या राखणीसाठी इंग्रजांचा पगार घेत होता. १८५७ मध्ये त्याने बंड केले. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला त्याच्या आणि भीमा नाईकाच्या माणसांनी खडकांआडून शत्रूवर गोळ्या झाडल्या. होय, बाणही होते. पण निदान खाज्याचे नाव घेताना तरी त्याच्या हातातली बंदूक काढून घेऊ नका.