टाळ्यांसाठी युवक, निर्णयासाठी दुसरेच : धोरणात आपली जागा कोणती?

12 जानेवारी आली की देशभर युवकांचा उदोउदो सुरू होतो. 2025 च्या जानेवारीत तर दिल्लीच्या भारत मंडपममध्ये 'विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग' नावाचा तीन दिवसांचा मोठा सोहळा झाला. सरकारच्याच सांगण्यानुसार सुमारे 30 लाख तरुणांनी आधी प्रश्नमंजूषा सोडवली, मग निबंध झाले, मग राज्य पातळीवर सादरीकरण, आणि त्यातून 3000 जण दिल्लीला गेले. त्यांनी पंतप्रधानांसमोर कल्पना मांडल्या, फोटो निघाले, बातम्या आल्या. आम्हाला त्या 3000 तरुणांबद्दल काहीच तक्रार नाही. त्यांत आपलीही काही मुले-मुली असतील, त्यांचे कौतुकच आहे. आमचा प्रश्न साधा आहे. त्या तीन दिवसांनंतर कोणत्या धोरणातले कोणते कलम बदलले? कोणत्या खात्याच्या तरतुदीत किती रुपयांचा फरक पडला? याचे उत्तर देण्यास कोणीही बांधील नाही, आणि यातच सगळे आले.

परीक्षा घेऊन निवडलेला तरुण हा प्रतिनिधी नसतो, तो विजेता असतो. प्रतिनिधीला ज्यांनी पाठवले त्यांना जाऊन उत्तर द्यावे लागते. विजेत्याला तसे बंधन नसते. शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1969 साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. समाजशास्त्राच्या वर्गात ती आजही शिकवतात. सर्वांत खाली लोकांना नुसते वापरून घेणे, मधे माहिती देणे, सल्ला विचारणे, समजूत काढणे, आणि वर खरा अधिकार. मधल्या पायऱ्यांना त्यांनी टोकनिझम म्हटले आहे, म्हणजे नावापुरता सहभाग. आपल्याकडे युवकांना बहुतेक वेळा याच पायऱ्यांवर उभे करून 'बघा, किती वर आलात' असे सांगितले जाते.

आणि समजा, तरुणांनी न बोलावता, स्वतःहून धोरणात तोंड घातले तर? त्याचेही उदाहरण ताजे आहे. 2020 साली केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी ठेवला. धरण, खाण, महामार्ग यांना परवानगी कशी द्यायची हे ठरवणारा हा कागद. लॉकडाऊनचा काळ, आणि मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत. ज्यांची जमीन जाणार ते मराठी, गोंडी, कन्नड, उडिया बोलणारे. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की हा मसुदा आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत द्या. (गोंडी तर त्या अनुसूचीतही नाही.) त्याच वेळी 'फ्रायडेज फॉर फ्युचर' या तरुणांच्या गटाने मंत्र्यांना ईमेल पाठवण्याची मोहीम चालवली. सरकारने हरकती मागवल्या होत्या आणि मुलांनी हरकती पाठवल्या, एवढेच घडले होते. तर त्यांची वेबसाइट बंद झाली आणि दिल्ली पोलिसांची नोटीस आली, तीही यूएपीए लावून! नंतर ते कलम चुकून पडले असा खुलासा करून नोटीस मागे घेण्यात आली. दहशतवादविरोधी कायदा 'चुकून' कोणावर पडतो हे आपल्या चळवळीला वेगळे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर आम्हाला वारंवार 1919 आठवते. बाबासाहेबांचे नाव घेताना आपण बहुधा महाडपासून किंवा गोलमेज परिषदेपासून सुरुवात करतो. पण 27 जानेवारी 1919 रोजी मताधिकाराचा प्रश्न तपासणाऱ्या साउथबरो समितीसमोर ज्यांनी साक्ष दिली, त्या भीमराव आंबेडकरांचे वय होते 27. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. पाठीशी पक्ष नव्हता, वृत्तपत्रही नव्हते ('मूकनायक' निघाला पुढच्या वर्षी, 31 जानेवारी 1920 ला). त्यांनी लेखी निवेदन दिले. मालमत्तेच्या अटीवर मत मिळाले तर अस्पृश्य मतदारच होणार नाहीत, म्हणून अट खाली आणा. आणि आमचे प्रतिनिधी आमच्यातूनच, लोकसंख्येच्या प्रमाणात द्या, हा त्याचा गाभा. कोणी त्यांना 'युवा नेते' म्हणून सत्काराला बोलावले नव्हते. ते आकडेवारी आणि युक्तिवाद घेऊन गेले होते. पुढे ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन गव्हर्नर जनरलला दिले. उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी त्यात होती, आणि 1944 पासून भारत सरकारची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज वसतिगृहात बसून महाडीबीटीवर अर्जाची स्थिती पाहणारा आपला प्रत्येक विद्यार्थी त्या निवेदनाचा वारस आहे.

मग त्या शिष्यवृत्तीच्या धोरणात आज त्या विद्यार्थ्याला कोण विचारते? तिची उत्पन्नमर्यादा 2013 पासून वर्षानुवर्षे अडीच लाखांवर थांबून राहिली. महिन्याला 21 हजारसुद्धा नाहीत. आई सफाईच्या कामावर आणि वडील एमआयडीसीत कंत्राटी कामाला असले तरी मुलगा अपात्र! कोणत्याही वसतिगृहातल्या दहा मुलांना विचारले असते तरी हा घोळ कळला असता. 2023 मध्ये बार्टीच्या 861 संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले. पीएच.डी. करणारी मुले उन्हात बसून सरकारला त्याच्याच योजनेची आठवण करून देत होती. आमच्या दृष्टीने हे धरणे दिल्लीच्या सोहळ्यापेक्षा अधिक खरा 'डायलॉग' होता.

आता पैशाकडे वळू, कारण विकासाचे धोरण शेवटी अर्थसंकल्पातच दिसते. 1979-80 पासून विशेष घटक योजना आहे, तिलाच नंतर अनुसूचित जाती उपयोजना म्हणू लागले. तत्त्व असे की लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढायचा. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण 11.8 टक्के आहोत. परंतु हा निधी दुसरीकडे वळवू नये, खर्च न झाल्यास बुडू नये, यासाठी कायद्याचे कुंपण लागते. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने 2013 मध्येच असे कायदे केले. महाराष्ट्रात चळवळ कितीतरी वर्षे हीच मागणी करत आहे. कायदा झाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. कर्नाटकात कायदा असूनही हमी योजनांसाठी याच निधीला हात घातला गेला. पण कायदा असल्यामुळे तिथे निदान जाब विचारता येतो.

आपल्याकडे मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटींहून अधिक रुपये आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे 335 कोटी वळते झाले, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. हा पैसा त्याच घटकांतील लाभार्थी बहिणींना जातो, त्यामुळे नियमभंग नाही, असे सरकारी उत्तर आले. आमच्याही आया-बहिणींना ते 1500 रुपये मिळतात आणि त्यांना ते लागतात, याबद्दल वाद नाही. वाद असा की तेच 1500 इतर सगळ्या बहिणींना सर्वसाधारण निधीतून मिळतात. मग आमच्या बहिणीला मात्र तिच्या मुलाच्या वसतिगृहाच्या पैशातून का?

येथे थोडे घरचेही बोलू. आपल्या संघटनांत तरुणांचे काम काय असते? 14 एप्रिलची वर्गणी, स्टेज, डीजे की ढोल यावरचा वाद, मोर्चाच्या गाड्या भरणे, नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर. बैठकीत ठराव वाचणारे साठीचे, आणि मागे सतरंजी उचलणारे विशीचे. सरकार युवकांना टाळ्यांसाठी वापरते म्हणून आपण रागावतो. पण एखाद्या जिल्ह्यात किती संघटनांकडे त्या जिल्ह्याचा उपयोजनेचा आराखडा वाचलेले चार तरुण आहेत? वकिली, एमएसडब्ल्यू, वाणिज्य शिकलेली मुले वस्तीवस्तीत आहेत. त्यांना घोषणा द्यायला बोलावतो, आकडे काढायला नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात लेखाशीर्षाच्या ओळीत 789 हा आकडा दिसला की तो पैसा अनुसूचित जातींसाठीचा, इतकी साधी खूणही आपण पुढच्या पिढीला शिकवलेली नाही.

दारेही मुद्दाम अरुंद ठेवलेली आहेत, हे खरेच. 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 झाले, पण आमदार-खासदार होण्यासाठी 25 वर्षांची अट तशीच राहिली. स्थानिक स्वराज्य संस्थांत 21 व्या वर्षी उभे राहता येते. मात्र महाराष्ट्रातील बहुतेक महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा 2022 पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या ताब्यात होत्या. ज्याला त्या वर्षी एकविसावे लागले, त्याला चोविशी गाठेपर्यंत उभे राहायला निवडणूकच नव्हती! आणि जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य याच संस्थांच्या लोकप्रतिनिधींतून निवडले जातात. म्हणजे एक दार बंद केले की पुढची दोन आपोआप बंद.

ग्रामसभेचे दार मात्र 18 वर्षांच्या प्रत्येक मतदाराला उघडे आहे. तिला गणपूर्ती लागते मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न झाल्याने सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते, आणि गावचे कारभारी हे पक्के ओळखून असतात. बौद्धवाड्यातली चाळीस मुले-मुली वहीपेन घेऊन सभेत बसली, तर इतिवृत्तात काय लिहिले जाते यात फरक पडतो. हे आम्ही काम करताना पाहिले आहे. विचारायला फार अभ्यासही लागत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांवर खर्च व्हायला हवेत. गेल्या तीन वर्षांत किती झाले, कशावर झाले? वस्ती विकासाचा निधी दर वेळी पेव्हर ब्लॉकवरच का जातो, अभ्यासिकेवर का नाही? तोंडी उत्तर घेऊ नका. इतिवृत्ताची नक्कल मागा, दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

राज्य पातळीवर आमच्या मागण्या तीन. उपयोजनेला कायद्याचे संरक्षण, आणि त्या कायद्याखालील जिल्हा देखरेख समितीत 30 वर्षांखालील सदस्यांना, त्यांत निम्म्या मुलींना, मताच्या अधिकारासह जागा. धोरणाचा प्रत्येक मसुदा मराठीत. केंद्राने 2014 मध्येच ठरवलेली किमान 30 दिवसांची मुदत मराठी प्रत निघाल्यापासून मोजावी. आणि आलेल्या हरकतींपैकी कोणती स्वीकारली, कोणती फेटाळली आणि का, हे जाहीर करणे बंधनकारक असावे. या तिसऱ्या मागणीवरच सर्वांत जास्त खळखळ होईल असा आमचा अंदाज आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करायची आहे. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला जे तयार आहेत त्यांनी आपल्या तालुक्यातील दोन-तीन वसतिगृहांत आधी बैठक घ्यावी, ठरावाचा मजकूर तिथेच मुलांच्या हातून लिहून घ्यावा.