आमच्या मुलींच्या नावाने हे विधेयक नको



माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळची गोष्ट. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, सांगू का?" मी दचकलेच. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी गावाकडच्या दवाखान्यात वाचलेली मी! मुलगी होती. पहिलीही मुलगीच. मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी माझा हात धरून म्हटलं, "असू दे गं, तिसऱ्या वेळी देव पाहील."

त्या काकूंशी माझं भांडण आहेच. पण आज भांडायचं आहे ते माझ्या मुलींचे कैवारी म्हणवणाऱ्या इथल्या आमदारांशी.

अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत एक विधेयक वारंवार येतं: लिंगाच्या कारणावरून केलेला गर्भपात गुन्हा ठरवा. ॲरिझोनाने २०११ साली तसा कायदा केला. असं कोणतंही कारण आपल्याला ठाऊक नाही, असं प्रतिज्ञापत्र डॉक्टरने द्यायचं. २०१४ साली साउथ डकोटात अशाच विधेयकाचं समर्थन करताना, राज्यात आता वेगवेगळ्या संस्कृतींचे लोक आले आहेत, असा दाखला दिला गेला. म्हणजे कोण, हे समजायला ज्योतिषी नको. दोन मुली असलेली गोरी बाई दवाखान्यात गेली तर कुणाच्या मनात काही येणार नाही. माझं आडनाव वाचल्यावर मात्र येईल.

आपल्याकडे असं काही नाहीच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेवरून अल्मंड आणि एडलंड या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की भारतीय, चिनी आणि कोरियन कुटुंबांत पहिल्या दोन मुली असतील तर तिसऱ्या खेपेला जन्मलेल्या दर १०० मुलींमागे मुलगे सुमारे १५१. पदव्या घेतल्या, घरं घेतली, पण 'वंशाचा दिवा' सामानातून बरोबर आलाच. याची लाज वाटायलाच हवी.

पण औषध कोणतं? इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियात अशी बंदी १९८० च्या दशकातच आली होती. तिच्या आधीचे आणि नंतरचे जन्म ताडून पाहिले, तर मुलामुलींच्या प्रमाणात बंदीमुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. आणि गंमत पाहा: टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्राने हव्या त्या लिंगाचा गर्भ निवडणं अमेरिकेत सर्रास चालतं. हजारो डॉलर मोजणाऱ्याला मोकळीक आणि गर्भपाताला आलेल्या बाईची उलटतपासणी! मुलींचाच कळवळा असता, तर पहिला हात त्या धंद्याला घातला असता.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली होती. स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे १९८८ साली देशातला पहिला कायदा आपल्या राज्यात झाला. त्याने बंधन घातलं ते चाचणीवर. गर्भपाताचा १९७१ चा कायदा शाबूत राहिला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने तर गर्भवतीवर घरच्यांनी दबाव आणला असंच गृहीत धरलं. पुढे सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. एवढं करूनही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. चाचणी रोखूनही जे पुरतं साधलं नाही, ते बाईला 'का?' विचारून साधणार?

एक चूक आपलीही. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द आपण फलकांवर मिरवला. प्रत्येक गर्भपाताला हत्या म्हणणाऱ्यांना याहून सोयीचा शब्द कोणता? 'गर्भलिंगनिवड' म्हणा. गुन्हा निवडीत आहे, गर्भपातात नाही.

२४ जून २०२२ च्या डॉब्ज निकालाने गर्भपाताला असलेलं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं आणि निर्णय राज्यांच्या हाती गेला. ज्या राज्यांत हा हक्क टिकून आहे, तिथे त्याला भोक पाडायला असं सोज्ज्वळ दिसणारं विधेयक फार उपयोगी. उद्या ते तुमच्या राज्यात आलं, तर 'आपण कशाला राजकारणात पडा' म्हणून गप्प बसू नका. ते आपल्याच नावाने येणार आहे. आमदाराला पत्र लिहा, सुनावणीला जा आणि सांगा: आमच्या मुलींची काळजी आम्ही घेऊ, त्यांच्या आयांवर पहारा नको.

आणि काकूंचं काय? त्यांना कायदा नको, उत्तर हवं होतं. त्या दिवशी मी नुसती हसले. आता देईन: "काकू, तिसरी वेळ नाही. आमचं घर दोघींनी भरलंय."