गळा कुणाचा, इजाजत कुणाची?

मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले. तरी आज मोबाईलवर त्यांच्या आवाजात अशी गाणी फिरतात, जी ते गेल्यावर कित्येक वर्षांनी लिहिली गेली. आमच्या वर्गातली पोरंही ती ऐकवतात आणि विचारतात, "सर, ओळखा, खरं की एआय?" कधी ओळखू येतं, कधी नाही. पण हा आवाज वापरायला कुणाची इजाजत घेतली होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

यंत्राने गाणं गाणं ही काही आजची गोष्ट नाही. जपानच्या यामाहा कंपनीच्या 'व्होकॅलॉइड' तंत्रावरची सॉफ्टवेअर २००४ पासून बाजारात आहेत. एखाद्या माणसाकडून स्टुडिओत सुटे सुटे उच्चार वेगवेगळ्या सुरांत गाऊन घ्यायचे आणि साठवायचे. मग कुणीही संगणकावर सूर मांडावेत, शब्द टाईप करावेत. सॉफ्टवेअर ते तुकडे जोडून गाणं तयार करतं. ३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्युचर मीडिया कंपनीने याच तंत्रावर 'हात्सुने मिकू' ही गायिका आणली. निळसर हिरवे लांब केस, वय कायम सोळा. ही मुलगी जगात कुठेच नाही, तरी तिचे जलसे होतात. पडद्यावर ती नाचते, शेजारी खरे वादक वाजवतात आणि लोक तिकीट काढून येतात.

मिकूचा मूळ आवाज साकी फुजिता यांचा. कार्टूनपटांतल्या पात्रांना आवाज देणं हा त्यांचा पेशा. कंपनीने गायिका सोडून त्यांना का घेतलं, खरी मेख तिथेच आहे. अनेक व्यावसायिक गायकांनी आवाज द्यायला नकार दिला होता. आपल्या गळ्याची नक्कल तयार होईल, ही भीती त्यांना तेव्हाच वाटली. मग कंपनीने गायकांची नक्कल करण्याचा नाद सोडला आणि आवाजाच्या कलाकारांकडे गेली. म्हणजे फुजिता यांनी समजून-उमजून आवाज दिला आणि ज्यांनी नाही म्हटलं, त्यांचं 'नाही' चाललं.

आता ते चालत नाही. नव्या एआयला गायक समोर लागतच नाही, जुनी रेकॉर्डिंग मिळाली की झालं. जपानमध्येच १९८९ साली वारलेल्या हिबारी मिसोरा यांच्या आवाजात २०१९ साली नवं गाणं तयार झालं. ऐकताना काहींचे डोळे भरून आले, तर काहींना हा मृताचा अपमान वाटला.

आपल्याकडे २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ सिनेमात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि मरहूम शाहुल हमीद यांचे आवाज एआयने परत आणले. वाद झाला तेव्हा, घरच्यांची परवानगी घेतली आणि मेहनतानाही दिला, असं त्यांनी सांगितलं. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या मुलाने 'कीडा कोला' या तेलुगू सिनेमाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवली. न विचारता वडिलांचा आवाज वापरला, ही त्यांची तक्रार. रहमान यांची रीत नक्कीच बरी. तरी आमच्या मनात एक खटका राहतोच. वारसाला घर मिळतं, जमीन मिळते; पण बापाने मेल्यावर काय गावं, हे ठरवायचा हक्कही वारशात येतो का?

इथे साठच्या दशकातलं भांडण आठवतं. गायकालाही रॉयल्टी मिळावी, असं लता मंगेशकर यांचं म्हणणं होतं. गाण्याचे पैसे घेतले की आपला हिशेब संपला, असं रफी साहेब मानत. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंही बंद केलं. पण रफी साहेबांचा हिशेब संपला तो गायलेल्या गाण्याचा. न गायलेल्या गाण्याचे पैसे त्यांनी कुणाकडून घेतले होते? कायद्यात कलाकाराचा वेगळा हक्क आला तोच मुळी १९९४ च्या दुरुस्तीने, रफी साहेब गेल्यावर चौदा वर्षांनी.

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांच्या आवाजाच्या एआय नकलेला मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसाच दिलासा मिळाला. चांगलं झालं. पण ही मोठी माणसं, त्यांना वकील परवडतो. उरुसात रात्रभर गाणारा कव्वाल, मिलादच्या जलशात नात पढणारा मुलगा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातली गायिका यांचं काय? त्यांची रेकॉर्डिंगही यूट्यूबवर पडलेली आहेत. उद्या एखाद्या नातख्वानाच्या आवाजात कुणी प्रचाराचं गाणं बनवलं, तर मोहल्ल्यात तो कुणाकुणाला सांगत फिरणार की हा मी नाही?

उरूस कमिट्या, नातच्या मैफली भरवणारे आणि कॅसेटच्या जमान्यापासून रेकॉर्डिंग करणारे आपले छोटे स्टुडिओ यांना एवढं तरी करता येईल. कलाकाराशी ठरवताना कागदावर एक ओळ जास्त लिहावी: हे रेकॉर्डिंग त्याला विचारल्याशिवाय एआयला शिकवायला देणार नाही. तोंडी बोलणीच चालत असतील, तर निदान चार माणसांसमोर ठरवावं.