रूम ड्रॉ आणि 'सीड'

होस्टेलच्या रूम्स चिठ्ठ्या टाकून वाटायचे दिवस गेले. आता कॉम्प्युटर रँडम यादी काढतो. कुणी कुरकुर केलीच तर उत्तर ठरलेलं: "कॉम्प्युटरनेच काढलीय ना!" आणि सगळे गप्प. हे गप्प बसणं मला पटत नाही.

कॉम्प्युटर चिठ्ठी उचलत नाही, हिशोब करतो. वहीत करून बघा. एक आकडा घ्या, ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ७ पासून निघालात तर ६, १, ८, ११, १०, ५... दिसायला अगदी वाटेल तसे आकडे. पण पुन्हा ७ पासून निघा, पुन्हा हेच! हा पहिला ७ म्हणजे 'सीड'. बी तेच तर पीकही तेच. (शेतकरी बियाण्याची जेवढी चौकशी करतो, त्याच्या निम्मीही आपण करत नाही.)

'सी'मध्ये सीड दिलाच नाही तर तो १ धरला जातो. म्हणून लॅबमध्ये आपण सगळे डोळे झाकून घड्याळाची वेळ देतो. ती वेळ सेकंदांत असते, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसभरात फार तर तेवढ्याच याद्या निघू शकतात. नुसत्या १३ मुलांचे क्रम मात्र ६२२ कोटींच्या वर! त्यात पुढच्या सेकंदाला पुन्हा रन केलं की नवी यादी. कुणी तसं केलं असं मी म्हणत नाही. पण केलं नाही हे सिद्ध कसं करणार?

सीडकडे दुर्लक्ष मोठ्यांनाही भोवलंय. डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलमध्ये २००६ साली झालेल्या एका बदलामुळे सीडमध्ये जवळजवळ फक्त प्रोसेसचा नंबर उरला, म्हणजे ३२ हजारांच्या आसपास शक्यता. २००८ मध्ये ते उघडकीला आलं आणि जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. तिथे सीड गुप्त हवा होता. ड्रॉमध्ये मात्र तो उघड हवा.

माझं म्हणणं एवढंच: नावांची यादी आणि प्रोग्रॅम आदल्या दिवशी नोटीस बोर्डवर लावा. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांसमोर दहा वेळा फासा टाका, येईल तो दहा आकडी नंबर सीड. मग ज्याला शंका असेल त्याने आपल्या पीसीवर तीच यादी काढून बघावी. कंपायलर कोणता तेही लिहा, कारण रँडमचं फंक्शन सगळीकडे सारखं नसतं. रेक्टर सर, याला पाच मिनिटं लागतील. फासा आमच्याकडे आहे.