चोरकप्प्याची चहाडी

जुन्या लाकडी पेटीतला चोरकप्पा हुडकायची युक्ती सोपी होती. पेटीची खोली आधी बाहेरून मोजायची, मग आतून. चार बोटांचा फरक आला की तळाखाली ऐवज आहे असे समजायचे. संगणकातल्या चोरकप्प्याला हे माप लागू पडत नाही. ट्रूक्रिप्ट या कूटबद्धीकरणाच्या सॉफ्टवेअरने आणि आता त्याचा वारस असलेल्या व्हेराक्रिप्टने कूटबद्ध फाइलीतली रिकामी जागाही अर्थहीन आकड्यांनी भरून टाकली, आणि त्याच कचऱ्यात दुसरा कप्पा ठेवायची सोय केली. एका पासवर्डने बाहेरचा कप्पा उघडतो, दुसऱ्याने आतला. तिथे खरेच काही आहे की नुसताच कचरा, हे दुसऱ्या पासवर्डाशिवाय कळत नाही.

कप्पा गप्प राहतो. चहाडी करते ते घर. २००८ साली संगणक-सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवून दिले. आतल्या कप्प्यातली फाइल उघडली की विंडोज ‘अलीकडच्या फाइलीं’त तिचा शॉर्टकट करून ठेवते: नाव, जागा, तारखेसकट. वर्ड तर सौजन्याची हद्द करतो. वीज गेलीच तर पंचाईत नको म्हणून तो मजकुराची एक प्रत परस्पर नेहमीच्या डिस्कवर काढून ठेवतो. तिजोरी पोलादी, आणि आतल्या कागदाची नक्कल दिवाणखान्यातल्या टीपॉयवर!

पण खरा पेच लपवणाऱ्याचा नाही, ज्याने काहीच लपवलेले नाही त्याचा आहे. पुढे विकिलीक्स काढणारे ज्युलियन असांज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी असेच एक साधन बनवले आणि त्याला ‘रबरहोज’ नाव दिले. रबरी नळीने बडवून किल्ली काढून घेण्याच्या पद्धतीवरून हे नाव. त्यात कप्पे किती, हे बाहेरून समजत नाही. म्हणजे सगळ्या किल्ल्या देऊन टाकलेल्या माणसालाही ‘आता उरली नाही’ हे सिद्ध करता येत नाही. मारणाऱ्याने थांबायचे कधी?

कायदाही इथेच अडतो. ब्रिटनमध्ये किल्ली न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणात पाचपर्यंत. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ त्याहून कडक: कूट उलगडायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत. दुसरीकडे, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, असे राज्यघटनेचे २०(३) सांगते. या दोहोंची सांगड न्यायालये घालतील तेव्हा घालतील. तोवर निदान एवढी दुरुस्ती संसदेने करावी: जो किल्ली मागतो, त्याने आधी कुलूप आहे हे पुराव्यानिशी दाखवावे.