शिक्षा परकी, माणसे इथलीच
समलिंगी संबंध हे ‘पाश्चात्त्यांचे खूळ’, असे म्हटले जाते. इतिहास उलट सांगतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. या नावाचा उल्लेख असलेल्या ‘कामसूत्रा’त समलिंगी संबंधांचीही नोंद आहे. चर्चने पाप ठरवलेल्या या संबंधांना इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३३मध्ये देहदंडाची शिक्षा लावली. त्याच विचाराचे कलम ३७७ इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत घातले. ते टिकावे म्हणून वेगवेगळ्या धर्मांच्या संघटना एकाच बाजूने सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. अखेर २०१८मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. २०२३मध्ये व्हॅटिकननेही समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली. कायदा बदलला, चर्चही थोडे हलले. आता घरातल्या मुलाला धर्माच्या नावाने दाराबाहेर काढणे तरी थांबायला हवे.